वैद्यांना विचारा : दुखते, अडते की फार होते?

या वेळी लघवीच्या तक्रारींविषयीची पत्रे एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रांत औषध विचारले आहे, पण लक्षण धड सांगितलेले नाही. ‘लघवीचा त्रास आहे, कोणता काढा घ्यावा?’ एवढ्यावरून कुठलाही वैद्य उत्तर देऊ शकणार नाही. म्हणून लक्षणांचा प्रश्न आधी घेत आहोत.

मूत्रकृच्छ्र आणि मूत्राघात ही एकाच दुखण्याची दोन नावे आहेत का? दोन वैद्यांनी दोन नावे सांगितली. (सातारा)

नाही. मूत्रकृच्छ्रात लघवी होते, पण कष्टाने होते. आग, चुरचुर, कळ, पुन्हा पुन्हा जावे लागणे ही त्याची ओळख. मूत्राघातात लघवी अडते. कधी मुळीच होत नाही, कधी तुंबून थेंब थेंब गळते, कधी धारेला जोरच नसतो. माधवनिदान या रोगनिदानाच्या ग्रंथावरील मधुकोश टीकेत हा फरक नेमका सांगितला आहे : कृच्छ्रात वेदना जास्त आणि अडथळा कमी, आघातात अडथळा जास्त आणि वेदना कमी. तिसरा गट प्रमेहाचा. त्यात लघवी दुखतही नाही, अडतही नाही. ती प्रमाणाबाहेर होते आणि गढूळ असते.

दुखते, अडते की फार होते, हे आधी स्वतःला विचारा. ज्याचे अडले आहे त्याने दुखण्यावरचे औषध घेतले तर हाल होतात. ते कसे, हे पुढे एका उत्तरात येईल.

चरकाने मूत्रकृच्छ्राचे आठ प्रकार सांगितले आहेत : वात, पित्त, कफ आणि तिन्ही दोष मिळून असे चार, शिवाय मुतखडा, शर्करा म्हणजे खड्याची कच, शुक्र म्हणजे वीर्य आणि रक्त यांमुळे होणारे चार. वाताच्या प्रकारात जांघा, ओटीपोट आणि मूत्रमार्गात तीव्र कळ येते, लघवी थोडी थोडी, वारंवार होते. पित्ताच्या प्रकारात लघवी पिवळी किंवा रक्ताची छटा असलेली, आग करणारी. कफाच्या प्रकारात ओटीपोट जड वाटते, सूज असते, लघवी बुळबुळीत होते. सुश्रुतही आठच मोजतो, पण त्याच्या यादीत शुक्र आणि रक्ताऐवजी मार लागणे आणि मळ साठणे ही कारणे आहेत. यातले मळाचे कारण आज फार दुर्लक्षित आहे. आतड्याच्या शेवटच्या भागात घट्ट मळ साठला की मूत्राशयावर दाब येतो. लहान मुले आणि अंथरुणाला खिळलेली वृद्ध माणसे यांच्या लघवीच्या तक्रारीत पहिला प्रश्न ‘पोट साफ कधी झाले?’ हाच असायला हवा.

कारणांच्या यादीत चरकाने अति व्यायाम, तीक्ष्ण औषधे, रूक्ष अन्न, मद्य, वेगाने धावणाऱ्या जनावरावर रोज बसणे, पाणथळ भागातल्या प्राण्यांचे मांस, जेवणावर जेवण आणि अजीर्ण एवढी नोंदवली आहेत. घोड्याच्या जागी मोटरसायकल आली, एवढाच बदल.

उन्हाळ्यात एसटीच्या लांब प्रवासानंतर मुलीला हमखास उन्हाळी लागते. धन्याचे पाणी देतो, कधी गुण येतो, कधी नाही. (परभणी)

उन्हाळी या आपल्या शब्दाशी जुळणारे नाव ग्रंथात आहे : उष्णवात. श्रम, चालणे आणि ऊन यांनी पित्त वाढून मूत्राशयात येते, वायूची साथ मिळते, आणि लघवी हळदीसारखी पिवळी किंवा लालसर, आग करत, कष्टाने होते, असे सुश्रुताचे वर्णन. प्रवासात याला आणखी एक कारण जोडले जाते. बसस्थानकावरचे स्वच्छतागृह वापरायला नको म्हणून मुली पाणी पीत नाहीत आणि लघवी दाबून धरतात. मूत्राचा वेग अडवल्याने ओटीपोटात आणि मूत्रमार्गात कळ, कष्टाने लघवी, डोकेदुखी, जांघा ताठरणे आणि माणूस पुढे वाकणे, असे चरकाने सूत्रस्थानात लिहिले आहे. पाणी कमी आणि वेग अडवलेला, या जोडीत जंतूंना वाढायला वेळ मिळतो.

धन्याचे पाणी बरोबरच आहे, पण बहुधा ते चुकीच्या पद्धतीने होते. ते उकळायचे नाही. त्याची कृती ‘हिम’ म्हणून सांगितली आहे : एक भाग भरड, सहा भाग थंड पाणी, रात्रभर भिजत. म्हणजे 15 ग्रॅम धने खलबत्त्यात जाडसर कुटायचे, 90 मिली पाण्यात काचेच्या किंवा मातीच्या भांड्यात झाकून ठेवायचे, सकाळी चोळून गाळायचे आणि खडीसाखर घालून उपाशीपोटी घ्यायचे. मिक्सरमधून बारीक पूड केली तर पाणी गढूळ होते आणि गाळले जात नाही. अख्खे धने टाकले तर अर्क उतरत नाही. सकाळचे पाणी दुपारपर्यंत उन्हाळ्यात ठेवले तर आंबू लागते. मधुमेह असेल तर खडीसाखर वगळायची.

गुण कधी येतो, कधी नाही, याचे कारण साधे आहे. नुसते पाणी कमी पडून आग होत असेल तर 1 दिवसात उतार पडतो. जंतुसंसर्ग झाला असेल तर धन्याने आग जरा शमेल, जंतू जाणार नाहीत. दुसऱ्या दिवशीही आग आणि घाई असेल तर लघवीची साधी तपासणी आणि कल्चर, म्हणजे नमुन्यात जंतू वाढतात का ही तपासणी, करा. नमुना मधल्या धारेचा हवा, पहिली धार सोडून द्यायची. प्रतिजैविक सुरू करायच्या आधी नमुना द्या, नाहीतर कल्चर कोरे येऊ शकते. नमुना 2 तासांत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत दुखणे, उलट्या यांपैकी काही असेल, किंवा बाई गरोदर असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

लघवीत तेलाचा थेंब टाकून रोग साध्य की असाध्य ते कळते, असे ऐकले. घरी करून पाहिले तर थेंब पसरलाच नाही. घरात सगळे घाबरले आहेत. (नागपूर)

घाबरू नका. तैलबिंदू परीक्षा चरकात किंवा सुश्रुतात नाही. ती योगरत्नाकरासारख्या नंतरच्या ग्रंथांत, नाडी, मूत्र, मळ, जीभ अशा आठ परीक्षांमध्ये येते. पद्धत अशी : रात्रीच्या शेवटच्या 4 घटका, म्हणजे सुमारे 96 मिनिटे उरली असता रोग्याला उठवायचे, पहिली धार सोडून मधली धार काचेच्या भांड्यात धरायची, सूर्योदयानंतर उजेडात पाहायची आणि त्यात तेलाचा थेंब हलकेच सोडायचा. थेंब पसरला तर साध्य, तसाच राहिला तर कष्टसाध्य, बुडाला तर असाध्य. सापासारखा आकार वाताचा, छत्रीसारखा पित्ताचा, मोत्यासारखा कफाचा.

मधल्या धारेचा आग्रह त्या काळीही होता, याचे आम्हाला फार कौतुक वाटते. थेंब पसरणे हे मुख्यतः पृष्ठताणावर ठरते आणि लघवीतल्या घटकांनी पृष्ठताण बदलतो. कावीळ ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत लघवीवर गंधकाची पूड टाकण्याची एक जुनी चाचणी आहे. पित्तक्षार असतील तर पूड बुडते. तत्त्व तेच. म्हणून ही परीक्षा निराधार म्हणता येत नाही.

पण घरी ती कशी फसते तेही पाहा. भांड्याला भांडी घासायच्या साबणाचा अंश राहिला तर तेल झटकन पसरते. थेंब उंचावरून टाकला तर तो आत जाऊन वर येतो आणि ‘बुडाला’ असे वाटते. तेल लघवीपेक्षा हलके असल्याने ते एरवी तरंगतेच. थंड लघवीवर आणि ताज्या कोमट लघवीवर थेंब वेगळा वागतो. अशा परीक्षेवरून माणूस जगेल की नाही हे ठरवणे चुकीचे आहे. तुमच्या पत्रात रोग्याला काय होते आहे याचा एक शब्दही नाही. ते आधी वैद्यांना सांगा.

लघवीला मुंग्या लागत नाहीत, म्हणजे मधुमेह नाही ना? (पणजी)

असे म्हणता येणार नाही. शरीराला आणि लघवीला मुंग्या लागणे हे चरकाने प्रमेहाच्या पूर्वरूपांत, म्हणजे रोगाआधीच्या चिन्हांत, सांगितले आहे, आणि निरीक्षण खरे आहे. पण आजच्या मोजमापात बोलायचे तर रक्तातली साखर साधारण 180 मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही. उपाशीपोटी 126 झाली की मधुमेह धरतात. म्हणजे मधल्या पट्ट्यातल्या माणसाला रोग असतो, पण मुंग्या येत नाहीत. मुंगीची वाट पाहणारा उशीर करतो.

त्याच यादीतली बाकीची चिन्हे जास्त उपयोगाची आहेत : हातापायांची आग, तोंड गोड होणे, अंगावर मळ साठणे, केस एकमेकांत गुंतणे, तहान, आळस, सारखी झोप. यांतली दोन-तीन एकत्र दिसली आणि घरात मधुमेह असेल, तर रक्त तपासा.

प्रमेहाचे 20 प्रकार : कफाचे 10, पित्ताचे 6, वाताचे 4. नावेच बहुतेक ठिकाणी लक्षण सांगतात. उदकमेहात पाण्यासारखी, इक्षुमेहात उसाच्या रसासारखी, सिकतामेहात वाळूसारखे कण असलेली, शनैर्मेहात हळूहळू, जोर नसलेली, मंजिष्ठामेहात मंजिष्ठेच्या पाण्यासारखी, हस्तिमेहात मत्त हत्तीसारखी सतत. मधुमेह हा वाताच्या चारांपैकी एक. कफाचे साध्य, पित्ताचे याप्य म्हणजे औषधाने काबूत राहणारे, वाताचे असाध्य. या क्रमात एक इशारा आहे. बैठे सुख, झोपेचे सुख, दही, दूध, नवे धान्य, गुळाचे पदार्थ या कारणांनी सुरुवात कफाच्या पायरीवर होते आणि तिथे आहार-विहाराने माघार घेता येते. जवाची भाकरी आणि रोजचे चालणे हे उपाय त्या पायरीसाठी आहेत. इन्सुलिन चालू असलेल्याने ते जरूर करावे, पण इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नये.

दुखत काहीच नाही, पण दोनदा लघवी लाल झाली. प्रमेह म्हणायचा का? (पुणे)

यावर चरकाचा एक श्लोकच आहे : प्रमेहाची पूर्वरूपे नसताना लघवी हळदीच्या रंगाची किंवा रक्ताची झाली तर त्याला प्रमेह म्हणू नये, तो रक्तपित्ताचा, म्हणजे पित्ताने बिघडलेले रक्त बाहेर पडण्याच्या रोगाचा, प्रकोप आहे. एकाच रंगाचे दोन रोग सोबतच्या लक्षणांनी वेगळे करायचे हे त्याने किती काटेकोरपणे शिकवले आहे!

आदल्या दिवशी बीट खाल्ले होते का, क्षयाचे रिफाम्पिसिन चालू आहे का, हे आठवा. ते नसेल तर न दुखता येणारे रक्त हे दुखत येणाऱ्या रक्तापेक्षा जास्त गंभीर समजा, विशेषतः वय चाळिशीपुढे असेल आणि तंबाखू किंवा विडी-सिगारेट असेल तर. मूत्राशयातली गाठ अशीच, बिनदुखी, एकदा रक्त दाखवून महिनोन्‌महिने गप्प बसू शकते. आपोआप थांबले म्हणून सोडू नका. या आठवड्यात लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करा. दूर्वांचा रस, उशीरासव वगैरे नंतर.

वडील 72 वर्षांचे. रात्री पाच वेळा उठतात, धार बारीक, थांबत थांबत. गोखरूचा काढा सुरू करू का? (रत्नागिरी)

आधी थांबा. हे अडण्याचे दुखणे आहे. सुश्रुताच्या बारा मूत्राघातांत वाताष्ठीला आहे : मळाचा मार्ग आणि मूत्राशय यांच्यामध्ये वायूने दगडासारखी घट्ट, उंच, न हलणारी गाठ होते आणि मळ, मूत्र, वायू अडतात. पुरुषाच्या प्रोस्टेट ग्रंथीची जागा साधारण तीच आहे, म्हणून आजचे बहुतेक वैद्य या दोहोंची सांगड घालतात. त्याच यादीतला मूत्रातीत म्हणजे फार वेळ धरून ठेवलेली लघवी नंतर जोर न येता मंद होणे. मूत्रजठर म्हणजे बेंबीखाली पोट फुगून येणे.

काढा का नको ते सांगतो. गोखरू, पुनर्नवा, दर्भमूळ ही मूत्रल द्रव्ये. ती लघवी तयार होण्याचे प्रमाण वाढवतात. दार बंद असताना नळ मोठा सोडला तर हौद भरून वाहतो. रात्री काढा दिला की पहाटेपर्यंत लघवी पूर्ण तुंबू शकते. सर्दीच्या गोळ्याही अशा माणसात घात करतात, कारण त्यांतली काही औषधे मूत्राशयाचे तोंड आवळतात किंवा त्याचे आकुंचन मंद करतात. बद्धकोष्ठाचे सुश्रुताचे कारण इथेही पाहा.

सोनोग्राफी करताना लघवी केल्यानंतर किती उरते ते मोजायला सांगा. शिवाय मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन, साखर आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी. शिल्लक लघवी कमी असेल तर वैद्य गोक्षुरादी गुग्गुळ किंवा वरुण विचारपूर्वक देऊ शकतात. संध्याकाळनंतर पाणी आणि चहा कमी, दिवसाचे पाणी कमी करायचे नाही.

आणि हे घरात सर्वांना माहीत असू द्या : सतत थेंब थेंब गळत असेल आणि ओटीपोट ताठ लागत असेल तर ‘लघवी होते आहे’ असे समजू नका. मूत्राशय काठोकाठ भरून वरचे ओसंडते आहे. गरम पाण्याच्या टबात 15 मिनिटे बसवून पाहा. तरी झाली नाही तर लगेच रुग्णालयात न्या, नळी घालावी लागेल. नळीला आयुर्वेदाचा विरोध आहे असे काही जण समजतात. सुश्रुताच्या यंत्रांच्या अध्यायात मूत्रमार्ग मोकळा करण्यासाठी मालतीच्या फुलाच्या देठाच्या टोकाएवढ्या गोलाईची शलाका म्हणजे सळई सांगितलेली आहे.

मुतखड्यावर हुलग्याचे पाणी, गोखरू आणि पाषाणभेद यांतले काय घ्यावे? खडा 4 मिमी आहे. (सांगली)

5 मिमीपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात, त्यामुळे कुठल्याही औषधाला यश लवकर चिकटते, हे ध्यानात ठेवून वाचा.

खडा होण्याची सुश्रुताची उपमा अजून कुणी मागे टाकलेली नाही. नव्या घड्यात स्वच्छ पाणी भरले तरी काळाने तळाशी गाळ बसतो, तशी अश्मरी होते. म्हणजे पाणी स्थिर राहू द्यायचे नाही. दिवसाला 2 ते 2.5 लिटर लघवी व्हावी एवढे पाणी, तेही दिवसभर वाटून, हा पहिला उपाय. सकाळी एकदम तांब्याभर ढोसून उरलेला दिवस शेतात कोरडा काढणे याचा उपयोग नाही.

खड्याचे वर्णनही त्याने दोषांप्रमाणे केले आहे. वाताचा काळपट, कठीण, खडबडीत, कदंबाच्या फुलासारखा काटेरी. पित्ताचा लालसर-पिवळा, बिब्ब्याच्या बीसारखा. कफाचा पांढरा, गुळगुळीत, मोठा, कोंबडीच्या अंड्यासारखा. चौथा शुक्राचा. तुमचा खडा पडला तर फेकू नका. गाळणीत लघवी करून तो धरा आणि रासायनिक तपासणीला द्या. पुढचा आहार त्यावर ठरतो.

आता द्रव्ये. हुलगे उष्ण आहेत आणि पचताना आंबट होतात. कफ-वाताच्या खड्यात, आग आणि रक्त नसताना ते चालतात. लघवीला आग होत असेल किंवा रक्त जात असेल तर हुलगे नकोत. ‘मुतखडा म्हणजे हुलगे’ हे समीकरण इथे चुकते. आग असेल तर गोखरू आणि तृणपंचमूळ, म्हणजे कुश, काश, शर, दर्भ आणि ऊस यांची मुळे, हे थंड द्रव्य योग्य.

काढ्याचे माप शार्ङ्गधर या ग्रंथकाराचे : द्रव्याच्या 16 पट पाणी, आठवा हिस्सा उरवायचा. 12 ग्रॅम भरडीला साधारण 200 मिली पाणी, उरले पाहिजे 25 मिली. मंद आच, झाकण नको. मोठ्या आचेवर 10 मिनिटांत आटवलेला काढा म्हणजे रंगीत पाणी.

खरेदीत फसगत होते ती नावांमुळे. गोखरू म्हणजे आपला शेतातला सराटा. बाजारात मोठे गोखरू म्हणून दुसऱ्याच वनस्पतीची फळे मिळतात, ती आकाराने मोठी असतात. पाषाणभेद हा हिमालयातला, त्याचे मूळ वापरतात. आपल्याकडे कुंडीतल्या पानफुटीलाही पाषाणभेद म्हणतात. ग्रंथातला गुण तिच्या नावावर लावू नका. वरुण म्हणजे वायवर्णा, त्याची साल घ्यायची.

कळ थांबली म्हणजे खडा गेला असे नाही. तो नळीत अडकून गप्प बसला तर वरचे मूत्रपिंड फुगत राहते. म्हणून 4 आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी. तापाबरोबर कळ आली तर काढा बाजूला ठेवून थेट रुग्णालय. सुश्रुताने शस्त्रक्रिया शेवटचा उपाय म्हणून सांगितली, पण टाळली नाही : न केल्यास मृत्यू निश्चित, केल्यास संशय, म्हणून राजाची अनुमती घेऊन करावी.

आठ वर्षांचा मुलगा अंथरूण ओले करतो. (बेळगाव)

शय्यामूत्र शार्ङ्गधराने बालरोगांत मोजले आहे. मुलाला रागावू नका, तो मुद्दाम करत नाही. पोट रोज साफ होते का ते पाहा, झोपण्याआधी 2 तास पेये बंद, झोपताना लघवी. दिवसाही कपडे ओले होत असतील, किंवा 6 महिने कोरडा राहून पुन्हा सुरू झाले असेल, तर लघवी आणि साखर तपासा.

क्रिएटिनिन 3.1 आहे. लघवी भरपूर होते, आग नाही, अडत नाही. मग मूत्ररोग कसा? (ठाणे)

तुमची शंका रास्त आहे. मूत्रवह स्रोतस, म्हणजे मूत्र वाहणारा मार्ग, बिघडल्याची चरकाची लक्षणे लघवीतच दिसणारी आहेत : अति होणे, अडणे, बिघडलेली होणे, थोडी थोडी, वारंवार, दाट, दुखत. या स्रोतसाचे मूळ तो मूत्राशय आणि जांघा सांगतो. वृक्क म्हणजे मूत्रपिंडे त्याने मेदाच्या स्रोतसाची मुळे म्हणून मोजली आहेत. मूत्राशय कसा भरतो हे सांगताना सुश्रुत, तोंडापर्यंत पाण्यात बुडवलेला नवा घडा सर्व बाजूंनी झिरपून भरतो, ही उपमा देतो. रक्त गाळणारे मूत्रपिंड हे चित्र त्यात नाही. म्हणून लघवी नीट दिसत असताना मूत्रपिंड निकामी होत जाणे याला त्या यादीत सरळ नाव शोधू नका. लघवीचे प्रमाण चांगले असूनही गाळण्याचे काम घटलेले असू शकते, ते रक्तच सांगते.

किडनीच्या तज्ज्ञांची औषधे चालू ठेवा. वैद्यांकडे जाल तेव्हा शेवटच्या तीन तपासण्यांचे आकडे तारखेसह, रक्तदाबाची नोंद आणि सध्या घेत असलेल्या प्रत्येक पुडीचे नाव घेऊन जा. भस्मे, रसकल्प म्हणजे पाऱ्याची व धातूंची औषधे आणि नाव नसलेली चूर्णे आजच बंद करा, कारण धातू बाहेर टाकण्याचे काम याच मूत्रपिंडांचे आहे. गुडघेदुखीच्या गोळ्याही तशाच घातक. आणि भरपूर पाणी प्या हा मुतखड्यावरचा सल्ला तुम्हाला लागू नाही. दिवसाला किती पाणी घ्यायचे ते तुमच्या पायावरची सूज, वजन आणि लघवीचे मोजमाप पाहून तज्ज्ञांकडून ठरवून घ्या.